वॉटी हिस्लॉपची डावरी चरखी

मी एक जुनी चरखी आहे. गळाच्या लांब काठीला, मुठीच्या मागे बसवतात आणि जिच्यावर दोरी गुंडाळतात, ती. स्कॉटलंडात, ट्वीड नदीच्या काठी आम्हाला रील म्हणतात. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. आजवर जे जे माझे मित्र म्हणवत आले, त्यांनीच मला जास्त छळले. त्यामुळे तुमच्याबद्दलचे मत मी तूर्त राखून ठेवते.

माझा जन्म ब्रेमरिग गावात झाला. मला घडवणाऱ्याचे नाव वॉल्टर हिस्लॉप, पण सगळा गाव त्याला वॉटी म्हणे. तरुणपणी तो सीमेपलीकडे, इंग्लंडात, चरख्यांच्या एका बड्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या मुकादमाशी त्याचे भांडण झाले आणि हत्यारांची पेटी उचलून तो गावी परतला. घराच्या मागच्या शेडमध्ये त्याने स्वतःचे लेथ बसवले. गिऱ्हाईक आले की तो आधी दोन शब्द सुनावी, मग चरखी देई. तरी लोक येत, कारण त्याची चरखी कधी अडकत नसे.

मी मात्र गिऱ्हाइकासाठी बनले नाही. वॉटीला एक मुलगी होती, नेट्टा. शाळा सुटली तशी ती लोकरीच्या गिरणीत लागली, आणि एका सकाळी यंत्राच्या पट्ट्याने तिच्या उजव्या हाताची दोन बोटे नेली. गिरणीने तिच्यासाठी मुरंब्याची बाटली पाठवली. नेट्टाने ती बाटली गिरणीच्या फाटकावर फोडली आणि कामावर परत गेली नाही.

तिला लहानपणापासून नदीचे वेड. पण आता चरखीची बारकी मूठ उजव्या हातात ठरेना. "झालं, आता घरात बस," असे शेजारी म्हणू लागले. वॉटीने ते ऐकले आणि तो चिडून शेडमध्ये शिरला.

"उजवा गेला तर डावा आहे ना?" तो तिला म्हणाला. "रडतेस कशाला? काठी उजव्या पंजात दाबून धर आणि फिरव डाव्याने."

"डाव्याने फिरणारी चरखी मिळते कुठे, बाबा?"

"मिळत नाही. म्हणून तर मी इथे थंडीत मरतोय."

त्या काळी जवळजवळ सगळ्या चरख्या उजव्या हाताने फिरवायच्या असत. वॉटीने माझ्या पोटातले सगळे उलटे बसवले. दोरी सुटताना टकटक करणारी पोलादी जीभ त्याने दुसऱ्या बाजूला वळवली. मूठ मेंढ्याच्या शिंगाची कोरली, चांगली जाड, आणि तिला नेट्टाच्या बोटांच्या मापाचा खळगा दिला. पितळ उन्हात चमकले तर मासा बुजतो, म्हणून माझ्या अंगावर शिशासारखा काळपट मुलामा चढवला. मी तयार झाले तेव्हा नेट्टाने मला उलटसुलट करून पाहिले.

"नाव नाही घातलंत?"

"नाव घालायला मी काय थडगं घडवतोय?" वॉटी म्हणाला. तो माझ्या कौतुकाचा दिवस होता. त्या घरात कौतुक असेच होई.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. नेट्टा पुलाखालच्या सार्वजनिक पाण्यात मासे धरायची. गिरणीच्या रंगाचे पाणी तिथेच येऊन मिळे, त्यामुळे नदी कधी निळी वाहायची, कधी लाल. चांगला डोह त्याच्या वरच्या अंगाला होता, पण तो मासेमारांच्या क्लबच्या ताब्यात. क्लबात बायकांना घेत नसत. क्लबचा चिटणीस होता गिल्बर्ट लॉरिमर, बँकेतला तरुण कारकून. मिशा कोरलेल्या, बूट कोरडे. हद्दीच्या खांबाशी उभा राहून तो ओरडायचा, "मिस हिस्लॉप, तुमची माशी आमच्या पाण्यात पडतेय!"

माशी म्हणजे गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी.

"मग तिला नोटीस पाठवा," नेट्टा म्हणायची. "तिला वाचता येत नाही, पण तुम्हाला लिहायची हौस आहे."

एकदा नेट्टाच्या गळाला मोठा सॅमन लागला. तो दोरी ओढत वर क्लबच्या डोहात शिरला आणि तीही त्याच्यामागे पाण्यातून चालत हद्द ओलांडून गेली. मी कर्रकर्र ओरडत होते. काठावर क्लबचे सभासद चहा घेत बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तिने तो मासा काठावर घेतला. कोणी टाळी वाजवली नाही. लॉरिमर एवढेच म्हणाला, "मासा आमचा आहे."

"हाक मारा त्याला," नेट्टा म्हणाली. "तुमचा असेल तर येईल." आणि मासा खांद्यावर टाकून ती घरी गेली. हे लॉरिमर कधीही विसरला नाही.

मित्रांनो, आता मंगोबद्दल सांगावे लागेल. मंगो म्हणजे नेट्टाचा धाकटा भाऊ. तो बेकरीची गाडी चालवायचा. बापाचे काम त्याने शिकले नाही, पण बाप वारल्यावर शेड आणि लेथ त्यालाच मिळाले, मुलगा म्हणून. शेवटच्या आजारपणात बापाचे सगळे नेट्टाने केले होते. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलत. मंगोला मनातून एकच आस होती, क्लबचा सभासद होण्याची. बेकरीच्या गाडीवाल्याला तिथे कोण घेणार?

पुढच्या हिवाळ्यात नेट्टा ग्लासगोला आजारी मावशीकडे गेली. माझी आतली स्प्रिंग ढिली झाली होती, म्हणून परतल्यावर दुरुस्त करायला मला तिने शेडमध्ये ठेवले होते. मंगोने मला बेकरीच्या कागदी पिशवीत टाकले आणि लॉरिमरच्या घरी नेले. लॉरिमर आता बँकेचा मॅनेजर झाला होता आणि जुन्या चरख्या जमवू लागला होता. त्याने मला दिव्याखाली धरले.

"डाव्या हाताची! ही कुठे मिळाली तुला?"

मंगोने ओठ चाटले. "बाबांच्या जुन्या पेटीत होती. त्यांनी त्या बड्या कारखान्यातून आणलेली. त्यांची स्वतःची नाही ही."

"तरीच!" लॉरिमर म्हणाला. "तुझ्या बापाच्या हातून असलं काम झालं असतं होय?"

मंगो यावर हसला. त्याच्या बापाला वारून वर्षही झाले नव्हते, आणि तो हसला. मी पितळेची आहे, पण तेव्हा मला स्वतःच्या वजनाची लाज वाटली. जड असते तर त्याच्या पायावर पडले असते.

वसंतात मंगो क्लबचा सभासद झाला.

नेट्टा परत आली. चरखी कुठे आहे, असे तिने विचारले, तेव्हा मंगोने तिला सांगितले की चोर शिरला असेल. हे मला खूप पुढे, त्याच्याच तोंडून कळले. त्यानंतरच्या शनिवारी तिने त्याला क्लबच्या डोहावर उभा पाहिले आणि काय झाले ते ती समजली. माझ्या बदल्यात तो तिथे उभा होता. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. दोघांची घरे एकाच गल्लीत, समोरासमोर. दोघांचीही लग्ने झाली नाहीत. पडदे मात्र दोघांनी जाड लावले.

मी लॉरिमरच्या कपाटात म्हातारी झाले. म्हातारी होणेही त्याने धड होऊ दिले नाही. आपल्या हाती त्या बड्या कारखान्याची दुर्मीळ डावरी चरखी आली आहे, असे त्याने ठरवून टाकले होते. जे त्या समजुतीत बसेना, ते तो काढून टाकू लागला. काळपट मुलामा त्याला मळ वाटला. भुकटी आणि फडके घेऊन त्याने मला आठवडाभर घासले, आणि मी नव्या भांड्यासारखी चकाकू लागले. शिंगाची मूठ त्याला कुठल्यातरी अडाण्याची दुरुस्ती वाटली. ती उपटून त्याने शेकोटीत फेकली. शिंग जळाल्याचा वास दोन दिवस खोलीत राहिला. तिच्या जागी त्याने काळी गुळगुळीत मूठ बसवली. शेवटी माझ्या तोंडावर कारखान्याचा ठसा नाही, हे त्याला खुपू लागले.

"झिजला असणार," तो स्वतःशी म्हणाला. आणि तसा ठसा बनवून घेऊन, हातोडीच्या एका घावात, त्याने मला परके नाव दिले. हे तो खोटेपणा म्हणून करत नव्हता. त्याला खरेच वाटत होते की माझे हरवलेले नाव तो परत देतो आहे. याचाच मला जास्त संताप येतो. चोराला निदान ठाऊक असते की तो चोरी करतो आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर लॉरिमरने गावच्या सभागृहात आपल्या चरख्यांचे प्रदर्शन भरवले. चहा होता, सॉसेज रोल होते. मधल्या टेबलावर, मखमलीवर, मी. खाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्या कारखान्याचे नाव. क्लबचा जुना सभासद म्हणून मंगो लोकांना बश्या देत होता.

दार उघडून नेट्टा आत आली. सत्तरी गाठलेली, अंगात राखाडी कोट, हातात बाजाराची पिशवी. प्रदर्शनाला म्हणून नव्हे, गाव भिजत होते म्हणून ती आत आली असावी. टेबलांवरून नजर फिरवत ती माझ्यापाशी आली आणि थांबली.

"हे काय लिहिलंय?"

"वाचता येतं ना, मिस हिस्लॉप?" लॉरिमर म्हणाला.

"येतं. म्हणूनच विचारते. ही माझी आहे. माझ्या बाबांनी बनवलेली."

चहाचे कप हातात घेऊन लोक जवळ सरकले.

"तुमचे वडील शेडमध्ये काम करायचे," लॉरिमर शांतपणे म्हणाला. "ही कारखान्याची आहे. ठसा बघा."

"ठसा कुणी मारला?"

"शुद्ध मूर्खपणा! पुरावा काय तुमच्याकडे?"

"मूठ शिंगाची होती. माझ्या बोटांच्या मापाची."

"आता नाहीये ती."

"तुम्ही काढलीत!"

"मी दुरुस्ती केली. काहीतरी ओबडधोबड तुकडा होता."

नेट्टाने पिशवी खाली ठेवली. तिने हात लांब करून खोलीच्या टोकाकडे बोट दाखवले. त्या हाताला बोटे तीनच होती. "त्याला विचारा. ही कुठून आली ते त्याला माहीत आहे."

सगळ्यांनी मंगोकडे पाहिले. त्याच्या हातात सॉसेज रोल होता. तो त्याने तोंडात कोंबला, चावला, गिळला. मग म्हणाला, "बाबांनी किती बनवल्या, कोण लक्षात ठेवतो? मला नाही आठवत."

नेट्टाने मला उचलले. लॉरिमर "अहो, अहो" करत पुढे आला, पण तिने त्याच्याकडे लक्षच दिले नाही. माझ्या उघड्या पडलेल्या पितळेवरून तिने अंगठा फिरवला. नव्या मुठीला बोट लावले. त्या बोटांची मला इतकी वर्षे वाट होती. आणि ती म्हणाली, "नाही. चूक झाली माझी. ही माझी नाही. माझी जी होती ती यांनी घासून गटारात सोडली." मला मखमलीवर ठेवून, पिशवी उचलून, ती भर पावसात निघून गेली.

मित्रांनो, मला घासले तेव्हा दुखले नव्हते. तेव्हा दुखले.

लॉरिमरची मान मात्र ताठ झाली. महिनाभराने स्कॉटलंडातल्याच पर्थ शहरात चरख्या जमवणाऱ्यांच्या संघाची बैठक होती. तिथे तो मला घेऊन गेला. संघाच्या अध्यक्ष होत्या ओगिल्वीबाई, चष्म्यावर आणखी एक भिंग लावणाऱ्या. त्यांनी मला खूप वेळ पाहिले. स्क्रूंच्या खाचा पाहिल्या, काठीवर बसणारा माझा पाय पाहिला, आतली जीभ बोटाने दाबून पाहिली.

"मिस्टर लॉरिमर, हा ठसा कुणी मारलाय?"

"कारखान्याने!"

"ठशाच्या कडा टोकदार आहेत आणि भोवतालचं पितळ गुळगुळीत झिजलंय. आधी झीज आणि मग ठसा, असं कारखान्यात होत नाही."

लॉरिमर टेबलावर पुढे वाकला. "तो मूळचा झिजून गेला होता. मी फक्त परत…"

"होता कशावरून?"

"असणारच!"

"असणारच!" ओगिल्वीबाई म्हणाल्या. "याला आमच्याकडे बनावट म्हणतात. पुढच्या बैठकीत खुलासा करा. नाहीतर संघातून नाव जाईल, आणि तुमच्या कपाटातल्या बाकीच्या वस्तूही लोक भिंग लावूनच बघतील."

जन्मभर लोकांच्या सह्या तपासून 'जुळत नाही' म्हणत आलेला हा माणूस आता स्वतःच बनावट ठरत होता. तो मला कोटाच्या खिशात घालून थेट नेट्टाच्या दारी गेला. तिने दार अर्धेच उघडले.

"मिस हिस्लॉप, तुम्ही म्हणालात ते… शक्य आहे. ही तुमच्या वडिलांची असू शकेल. तुम्ही पर्थला येऊन एवढंच सांगा, की माझा गैरसमज झाला. प्रामाणिक गैरसमज."

"पुरावा काय?" नेट्टा म्हणाली.

"अहो, पुरावा तुम्हीच!"

"मी तर सगळ्या गावासमोर सांगितलं, ही माझी नाही. तुम्ही खूश झाला होतात तेव्हा."

"माझी इभ्रत जाईल हो!"

"मग घासून बघा तिला. चमकेल." आणि दार बंद झाले.

लॉरिमर तडक रस्ता ओलांडून मंगोच्या दारी गेला. तिथे त्याचा आवाज बदलला. "खोटं तू बोललास! कारखान्यातून आणली म्हणालास. पर्थला येऊन ते कबूल कर, नाहीतर क्लबात पाय ठेवू देणार नाही तुला."

मंगो दारात चपला घालून उभा होता. त्याने दार लावून घेतले. पण बैठकीच्या दिवशी तो पर्थला आला, बापाचा जुना टाय लावून.

मला टेबलावर ठेवले होते. तो माझ्याकडे न बघता उभा राहिला. "ही माझ्या बाबांनी माझ्या बहिणीसाठी बनवली," तो म्हणाला. "तिची बोटं गिरणीत गेली होती म्हणून डावरी. मी ती चोरली आणि क्लबात जायला मिळावं म्हणून यांना दिली. बाबांची नाही असं यांना सांगितलं, आणि तिला सांगितलं चोर आला होता. दोघांशीही खोटं बोललो. त्या दिवशी सभागृहात ती माझ्याकडे बोट दाखवून उभी होती आणि मी तोंडात सॉसेज रोल कोंबला. तो अजून घशाखाली उतरलेला नाही."

ओगिल्वीबाईंनी भिंग काढून ठेवले. "मिस्टर लॉरिमर," त्या म्हणाल्या, "ही बनवाबनवी नाही असं मी नोंदवते. हा निव्वळ गाढवपणा आहे. संघात राहा, पण हातोडी घरी ठेवा." मग मला उचलून त्यांनी मंगोच्या हातात दिले. "आणि ही जिची आहे तिला द्या. ठसा आता निघणार नाही. काढायला गेलात तर तिचं आणखी वाटोळं होईल."

लॉरिमरची अब्रू अर्धी वाचली, पण राग पूर्ण शिल्लक राहिला. त्याच आठवड्यात क्लबातून मंगोचे नाव गेले, आणि का गेले ते गावभर झाले. मंगोने मला नेट्टाच्या फाटकाला टांगले आणि तो पळाला. म्हातारा माणूस, पण अक्षरशः पळाला. दार वाजवायची त्याची छाती झाली नाही.

नेट्टाने मला आत घेतले आणि खिडकीत ठेवले. बरेच दिवस ती माझ्याकडे नुसती बघायची, भांडण काढायच्या आधी बघतात तसे. मीही तिच्यावर रागावलेली होते. ही माझी नाही, असे ती चारचौघांत म्हणाली होती. असे आम्ही दोघी एका खोलीत घुम्या बसून राहिलो.

एप्रिल उजाडला. एका सकाळी तिने मला काठीला बसवले, गुळगुळीत मुठीवर चिकटपट्टीचे वेढे दिले आणि आम्ही पुलाखाली गेलो. गिरण्या बंद पडल्या होत्या, नदी आता रंगहीन वाहत होती. माझी जीभ पूर्वीसारखी बोलत नव्हती, नेट्टाचे गुडघे पूर्वीसारखे वळत नव्हते. ती मला शिव्या घालत होती, गुडघ्यांना घालत होती, वाऱ्याला घालत होती. दुपारपर्यंत आम्ही दोन ट्राउट धरल्या.

घरी येताना ती आपल्या दाराकडे वळलीच नाही. समोरच्या दाराशी गेली, एक मासा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मंगोच्या कडीला सुतळीने बांधला. दार वाजवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते, आणि खिडकी उघडी होती. मंगो चपला घालून बाहेर आला आणि शेजारच्या टेटबाईंना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "कुणीतरी मासा बांधून गेलंय! पोटसुद्धा साफ केलेलं नाही! अशी काय रीत झाली?"

टेटबाई दुधाची बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नेट्टा खिडकीशी आली, माझ्यावरून बाहेर वाकली आणि रस्त्यापलीकडे ओरडली, "का रे मेल्या, सुरी नाही का तुझ्या घरी?"

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

मंगोने टोपी काढली. मग परत घातली आणि म्हणाला, "आहे. पण बोथट आहे."

"मग आण इकडे. धार लावून देते. आणि चपला बाहेर काढ, घाणेरड्या."

मित्रांनो, त्यांचे भांडण मिटले असे समजू नका. ते आता रोज भांडतात, मीठ कमी का जास्त यावरून, बाप कोणाचा लाडका होता यावरून. पण एका टेबलाशी बसून भांडतात. माझ्या तोंडावर अजून परके नाव आहे आणि ते राहीलच.

तुमच्या हाती कधी एखादी जुनी वस्तू आली, तर ती कोणत्या कारखान्याची हे मागाहून शोधा. आधी विचारा, ही कोणाची. ज्याची असेल ते माणूस जिवंत असेल, तर ती त्याच्या दारी घेऊन जा. तुम्हाला शिव्या बसतील. उभे राहून ऐकून घ्या. आणि मला टांगले तसे फाटकाला टांगून पळू नका, दार वाजवा.